बाविसाव्या मिनिटाला लागणारा लाल दिवा

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. हँगरमध्ये उपड्या लाकडी खोक्यावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत आहे. समोर विमानाची बॅटरी चार्जिंगला लावली आहे आणि तिच्याकडे दर दहा मिनिटांनी बघायचे असते, म्हणून मधेच शाई बदललेली दिसली तर काळजी करू नये.

तीर्थरूप मामा,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार (वाकलो तसा खिशातला टेस्टर पडला, तो उचलला, पुन्हा नमस्कार). तुमची कंबर आता कशी आहे? गॅरेजमध्ये चांगला जॅक असताना विटांवर गाडी चढवून तिच्याखाली झोपू नये, असे मी मागच्या पत्रात लहान तोंडी लिहिले होते, ते अजून लागू आहे. मामींना नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. (चार दिवस जेवण गेले नाही, पण काल संध्याकाळपासून जाते आहे.) हे पत्र आईला वाचून दाखवायचे झाल्यास जिथे जिथे "आकाश" हा शब्द येईल ते वाक्य गाळावे. तिला अजून वाटते की मी फक्त उभी विमाने पुसतो.

पत्र लिहिण्याचे कारण विशेष काही नाही. मागच्या महिन्यात मी तुम्हाला फोन करून विचारले होते की चार्जिंगचा दिवा लागतो आणि आपोआप विझत नाही, काय करू. आणि तुम्ही म्हणाला होतात, पट्टा ताण. तो ताणला. त्यानंतर जे झाले ते फोनवर सांगण्यासारखे नाही, कारण फोन फ्लाइंग क्लबच्या ऑफिसात आहे आणि तिथे खजिनदार बसतात. हे खजिनदार मूळचे कापडाचे व्यापारी. विमानाच्या पंखाकडेसुद्धा ते किती वार भरेल अशा नजरेने बघतात. त्यांनी गेल्या सोमवारी फळ्यावर सूचना लावली की शनिवारी चार वाजता मीटिंग आहे आणि तिच्यात "मुख्य मेकॅनिकच्या कार्यक्षमतेबाबत" विचार होईल. मुख्य मेकॅनिक म्हणजे आमचे वस्ताद. एकतीस वर्षे ते या हँगरमध्ये आहेत. मी दोन वर्षे आहे. मला ते शंकासुर म्हणतात, कारण मी एक नट तीनदा आवळतो आणि मग आवळला का ते बघायला परत येतो.

आमच्याकडे कामाची एक रीत आहे, ती तुमच्या गॅरेजात नाही. काम कोणीही करो, ते वहीत लिहायचे, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याने ते तपासून खाली सही करायची, शिक्का मारायचा. सही ज्याची, मान त्याची. माझ्याकडे परवाना नाही (नववीत शाळा सुटली ती तुम्हाला माहीतच आहे, परीक्षेला अजून दोन वर्षे आहेत), त्यामुळे मी करतो ते सगळे वस्तादांच्या नावावर जमा होते. चांगलेही आणि दुसरेही.

आता बिघाड. विमानातही तुमच्या गाड्यांसारखाच अल्टरनेटर असतो, पट्ट्यावर फिरतो, रेग्युलेटर त्याला लगाम घालतो आणि बॅटरी भरत राहते. फक्त एक पहारेकरी जास्त असतो. व्होल्टेज सोळाच्या वर गेले की तो अल्टरनेटरला बाहेर काढतो आणि लाल दिवा लावतो. इंजिन बंद पडत नाही, त्याची ठिणगी वेगळी असते. पण रेडिओ, दिवे, काटे हे सगळे मग बॅटरीवर, आणि बॅटरी अर्ध्या तासाची पाहुणी. तुमच्या गाडीत दिवा लागला तर तुम्ही गाडी बाजूला घेता. आकाशात बाजू नसते.

आमचा दिवा विमान उडाल्यापासून बाविसाव्या मिनिटाला लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा विमानात दातांचे डॉक्टर होते, जे दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवून उडतात, आणि शेजारी त्यांच्या सासूबाई होत्या. विमानात कानाला हेडफोन लावून बोलावे लागते, तोही विजेवर. सासूबाई उड्डाणापासून जावयाच्या खर्चिक स्वभावाबद्दल बोलत होत्या, त्या नादात दिवा कोणी बघितला नाही, बॅटरी संपली आणि मधेच एकदम शांतता झाली. डॉक्टरांनी नंतर वहीत प्रामाणिकपणे लिहिले की बिघाड लक्षात यायला दहा मिनिटे लागली, कारण ती शांतता त्यांना बिघाड वाटली नाही. मग रेडिओ गेल्याचे कळले आणि ते टॉवरचा हिरवा दिवा बघून कसेबसे उतरले. उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, जावई आज पहिल्यांदा मन लावून ऐकत होते.

पट्टा ताणून झाला होता, तरी दिवा लागलाच, म्हणून मी बॅटरी बदलली. इंजिन दहा मिनिटे चालवून पाहिले, काटा जागेवर. (दहाच मिनिटे, कारण जमिनीवर उभे राहून पेट्रोल जाळणे म्हणजे दुकानात बसून माल फाडणे, असे खजिनदारांचे मत आहे.) पुढच्या गुरुवारी बाविसाव्या मिनिटाला दिवा. वस्ताद म्हणाले, रेग्युलेटर बदल. बदलला. नवा रेग्युलेटर जुन्याहून हुशार निघाला, त्याने दिवा एकोणिसाव्या मिनिटालाच लावला. वस्ताद म्हणाले, मग अल्टरनेटर बदल. मामा, अल्टरनेटर म्हणजे माझे चार पगार. बदलला. डॉक्टर उडाले, मी खाली घड्याळ घेऊन उभा. एकोणीस झाले, वीस झाले, एकवीस झाले, मी देवाचे नाव घेतले, आणि बाविसाव्या मिनिटाला डॉक्टर वळून परत येताना दिसले. खाली उतरून म्हणाले, "अरे, दुखता दात सोडून बाकी सगळे उपटलेत तुम्ही!"

मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवे होते. हेच वस्ताद मला पहिल्या दिवशी म्हणाले होते की पार्ट बदलणारा मेकॅनिक नसतो, दुकानदार असतो. आधी मोज, मग मत दे, मग पाना उचल. आणि आता तेच मोजायचे नाव काढत नव्हते. मी मीटर आणला की म्हणायचे, राहू दे, बदलून टाक. मला वाटले, वयाने थकले असतील. खजिनदारांनाही तसेच वाटले, आणि त्यांनी फळ्यावर सूचना लावली. सूचनेत तीन शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण त्या दिवशी मला त्यांचा आनंद झाला नाही.

म्हणून परवा, शुक्रवारी, मी ठरवले की खजिनदार बाजारात गेले की मोजायचे. विमान दोरांनी जमिनीला बांधले, चाकांना ठोकळे लावले (चार, दोन पुरतात), मीटरच्या लांब वायरी इंजिनापासून चिकटपट्टीने चिकटवत पंख्यापासून लांब अशा कॉकपिटपर्यंत आणल्या आणि इंजिनावरचे झाकण बंद केले, कारण मला शंका होती की उघड्या इंजिनात ते तापतच नाही आणि बिघाड तापल्यावरच जागा होतो. (शंकासुर असण्याचा हा एवढा एकच फायदा मला आजवर झाला.) आकडे मी मोठ्याने वाचतो म्हटल्यावर वस्ताद कॉकपिटमध्ये बसले, मी शेजारी मीटर घेऊन. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरे रेग्युलेटरच्या अंगाला. ही दोन्ही ठिकाणे एकच असायला हवीत, म्हणजे मीटरने शून्य दाखवायला हवे.

"किती?" वस्तादांनी विचारले.

"शून्य पूर्णांक चार."

"आता?"

"शून्य पूर्णांक नऊ. वस्ताद, वाढतंय."

बाविसाव्या मिनिटाला एक पूर्णांक नऊ झाले आणि दिवा लागला. मामा, तुम्हाला एव्हाना कळले असेलच. रेग्युलेटरला अर्थिंग मिळत नव्हते. तो बिचारा दोन व्होल्ट उंच पाटावर बसून मोजत होता. त्याला चौदा दिसत होते तेव्हा खरे सोळा असायचे. कमी आहे असे समजून तो अजून वाढवायचा, आणि पहारेकरी अल्टरनेटरला हाकलायचा. कोणाचाच काही दोष नव्हता. बॅटरी चांगली होती, जुना रेग्युलेटर चांगला होता, चार पगारांचा अल्टरनेटर तर अतिशय चांगला होता.

रेग्युलेटर सोडवला. तो इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर चार बोल्टांनी बसतो आणि त्याच्या चार पायांतून त्याला अर्थिंग मिळते. चारही पायांखाली पांढरा रंग होता. दोन हात. गुळगुळीत, एक थेंब ओघळलेला नाही, कडा सरळ. असा रंग या हँगरमध्ये एकच माणूस देतो.

सप्टेंबरात वार्षिक तपासणी झाली तेव्हा मी ती भिंत रंगवली होती. रेग्युलेटर काढल्यावर त्याच्या जागी चार टिकल्यांएवढे उघडे पत्रे दिसले. मला वाटले, कोणा आळशाने हात पोचला नाही म्हणून सोडले असतील. काम करायचे तर नीट करावे, म्हणून मी बारीक ब्रश घेऊन तेही भरले. त्या चार टिकल्या वस्तादांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः घासून उघड्या ठेवल्या होत्या, हे मला परवा कळले. तुम्ही म्हणाल, एवढेही कळू नये? कळते हो. बाविसाव्या मिनिटाला कळते.

रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, रेग्युलेटर बसवला, इंजिन चाळीस मिनिटे चालवले. काटा चौदावर असा बसला की जणू तिथेच जन्मला. आणि मी खाली उतरून चाकाशेजारी बसलो. माझ्या हौसेपायी डॉक्टर पाच वेळा आकाशात अर्ध्या तासाच्या बॅटरीवर राहिले, आणि उद्याच्या मीटिंगमध्ये वस्तादांची एकतीस वर्षे जाणार होती. गप्प बसलो असतो तर कोणाला कळले नसते. बिघाड सापडला एवढे पुरले असते. हे मी तुम्हाला लिहितो आहे कारण अर्धा मिनिट मी तसा विचार केला. घड्याळात बघितले नाही, पण अर्धा मिनिट असेल.

मग वस्तादांना सांगितले. ते म्हणाले, "दाखव कुठे ते." मी बोट दाखवले. ते म्हणाले, "असं नको, हात धरून दाखव." मी त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. त्यांनी बोट फिरवले, एकदा, दोनदा. म्हणाले, "तेव्हाही फिरवलं होतं इथून बोट. गुळगुळीत लागलं. म्हटलं, पोरानं काम चांगलं केलंय. आणि सही केली."

मामा, त्या क्षणी मला वर्षभराचा हिशेब लागला. "किती? मोठ्यानं वाच," असे ते एरवी म्हणायचे आणि मला वाटायचे, माझी परीक्षा घेतात. बोल्टावरचा आकडा वाचायला लावायचे, मला वाटायचे, शिकवतात. पट्टा कानाने तपासायचे, जोड बोटाने, आणि मी घरी जाऊन वहीत लिहायचो की कसबी माणसाला डोळे लागत नाहीत. लागतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि ही गोष्ट हँगरात ते सोडून कोणालाच माहीत नव्हती.

काल मीटिंग झाली. मी माझे निवेदन लिहून नेले होते, अकरा मुद्दे, परिशिष्टासह. तिसऱ्या मुद्द्याला खजिनदारांनी जांभई दिली. म्हणाले, "थोडक्यात सांग रे, कोणाची चूक?" मी म्हणालो, माझी. तेवढ्यात वस्ताद उठले.

"रंग त्यानं दिला. खरंय. पण तपासणाऱ्यानं बघायचं असतं. मी बघितलं नाही, कारण मला दिसलं नाही. वर्ष झालं, सगळं धुरकट दिसतं. कोणाला बोललो नाही, ती चूक रंगापेक्षा मोठी." आणि त्यांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. त्या शिक्क्याचा लाकडी दांडा त्यांच्या बोटांच्या आकाराचा झिजला आहे.

खजिनदारांना भांडायची तयारी करून आल्यावर भांडण मिळाले नाही, त्यामुळे ते गोंधळले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "शिक्का काढून देणारा मेकॅनिक मी पहिल्यांदा बघतोय. ऑपरेशन होऊ दे, मी पुन्हा यांच्याच सहीवर उडेन." (सासूबाईंनाही नेईन, असे ते म्हणाले नाहीत.) मग ठरले की शेजारच्या मैदानावरचे तपासनीस आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करतील आणि वस्तादांच्या वर्षभराच्या सगळ्या कामांची फेरतपासणी करतील, तोवर विमान उभे. वस्तादांची जागा पंधरा फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवायची. तोपर्यंत डोळ्यांचा दाखला आणला तर शिक्का परत. नाही आणला तर खजिनदारांनी जाहिरात तयारच ठेवली आहे.

तर असे सगळे छान पार पडले. तुम्हाला त्रास देण्यासारखे काहीही नाही आणि मला कशाचीही गरज नाही. मामींना पुन्हा नमस्कार. लोभ आहेच, कंबरेला शेक द्यावा.

तुमचा भाचा

ता. क. मामी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहेत, हे मला पत्र संपवल्यावर एकदम आठवले. (एकदम नाही. शुक्रवारपासून आठवते आहे.) वस्तादांना इथे कोणी नाही, मुलगी लांब दिली आहे. आठ दिवस तुमच्याकडे राहतील अशी सोय होईल का? एका डोळ्याचे तरी व्हावे. खाण्यापिण्याचा त्रास नाही. घोरतात, पण एका लयीत. तुमचे पाने मापाप्रमाणे लावून ठेवतील, ते सहन करावे.

ता. क. दुसरे. एक अडचण आहे. ऑपरेशनचे नाव काढले की ते म्हणतात, बघू. चालत्या इंजिनाजवळ हात घालणारा माणूस, पण डोळ्याजवळ सुई म्हटले की त्याला हँगर झाडायचे आठवते. म्हणून तुमच्याकडे ऑपरेशनसाठी यायचे आहे, हे मी त्यांना सांगितलेच नाही. मी सांगितले की तुमच्या गॅरेजमध्ये एक गाडी आली आहे, तिचे चार्जिंग तीन आठवडे कोणालाच सापडत नाही. ते म्हणाले, "तुझा मामा काय झोपा काढतो का?" मला (क्षमा असावी) हो म्हणावे लागले. ते लगेच पिशवी भरायला लागले. आम्ही दोघे बुधवारी सकाळच्या गाडीने येतो. तरी मंगळवार संध्याकाळपर्यंत कृपया एखादी गाडी बिघडवून ठेवावी. बिघाड कानाने किंवा बोटाने सापडणारा असावा, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. पण पहिल्याच दिवशी सापडू नये, कारण मामींना तपासण्यांना दोन दिवस लागतील. वायरीच्या आत, कव्हराखाली तुटलेली तार चालेल. फार सोपे केले तर त्यांना संशय येईल.

ता. क. तिसरे. आत्ता बारा वाजून पाच मिनिटे. वस्ताद दारात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. त्यांनी विचारले, इतका वेळ काय लिहितोयस? मी म्हणालो, स्क्रूंची यादी. ते म्हणाले, "यादी मोठी दिसते. मामाचं नाव आलं चारदा, मामीचं तीनदा." मामा, मला शब्द पुटपुटत लिहायची सवय आहे, आणि त्यांचे कान मी तुम्हाला वर सांगितलेच आहेत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सुई टोचताना तू बाहेर बसशील ना?" मी म्हणालो, बसेन. "मग लिही त्या यादीत. गाडी आधी बिघडवू नको म्हणावं मामाला. डोळा उघडल्यावर बिघडवायची. या खेपेला मी बघून शोधणार."

हिशेब (माझ्या पगारात मोजला आहे):
बॅटरी, अर्धा पगार. रेग्युलेटर, एक. अल्टरनेटर, चार. शुक्रवारचे पेट्रोल, पाव. एकूण पावणेसहा.
पैकी तीन पगार क्लबने सोडले. राहिलेल्यातला पाऊण पगार वस्ताद देतो म्हणतात, मी नको म्हणतो, वाद चालू आहे.
माझ्याकडून देणे: दोन ते पावणेतीन, वादाच्या निकालावर.
बुधवारची तिकिटे दोन, दिली.
गाडी बिघडवण्याचा खर्च माझ्या नावे लिहावा. दुरुस्तीची मजुरी वस्ताद नको म्हणतील, तरी द्यावी.